पांढऱ्या झाकणाची बाटली

हॅनकॉकच्या पलीकडे, मिशिगन
९ ऑक्टोबर २०१७

रौहा,

मुरांबा पोचला, बरणी फुटली नाही. आता मुद्द्याचं लिहिते, कारण शनिवारपासून माझं डोकं फिरलेलं आहे आणि घरात ऐकून घ्यायला मांजरसुद्धा उरलेलं नाही.

काचबिंदूच्या थेंबांची बाटली संपली म्हणून औषधाच्या दुकानात गेले. जांभळ्या झाकणाची, तुला माहीत आहे. काउंटरवर कर्टिस होता. या पोराकडून मी रविवारच्या शाळेत बायबलच्या दहाच्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या आहेत. तो संगणकात बघून म्हणतो, "मिसेस कांगस, अजून नऊ दिवस बाकी आहेत. विमा कंपनी आज बाटली देऊ देत नाही."

मी म्हटलं, "बाळा, ही रिकामी आहे. उलटी करून बघ."

"रिकामी आहे ते दिसतंय हो. पण त्यांच्या हिशेबानं ती रिकामी असायला नको."

ऐकलंस? माझ्या हातातली बाटली रिकामी, पण कंपनीच्या मते भरलेली! हिशेब असा: सकाळी एकेका डोळ्यात एक थेंब, संध्याकाळी एक, दिवस तीस. हे गणित ज्यानं मांडलं त्याचा हात कापत नसणार. माझा कापतो. एक थेंब डोळ्यात जातो, एक गालावर, एक चष्म्याच्या दोरीवर. माझ्या गालाला काचबिंदू झालेला नाही, तरी औषध त्यालाच जास्त मिळतं. पदरचे पैसे घालून घे म्हणशील, तर ती किंमत ऐकूनच डोळ्यातला दाब वाढतो.

हे दर महिन्याचं झालंय. आणि येत्या बारा एप्रिलला मला सत्त्याहत्तर पुरी होतात, त्याच दिवशी गाडीचा परवाना संपतो. नवा देताना डोळे तपासतात. परवाना गेला तर या रस्त्याच्या टोकाला, गावापासून चौदा मैलांवर, मी काय स्की लावून दूध आणू? मग राहिली ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमातली खोली, जिथं संध्याकाळी साडेचारला जेवण वाढतात आणि वाफ घ्यायला सौनासुद्धा नाही. तिथं जाण्यापेक्षा मी सरोवरात चालत जाईन.

अजून एक. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथं नवी नर्स आलीय, पार तिकडच्या वाळवंटातली, फिनिक्सची. म्हणाली, "नमुन्याच्या दोन बाटल्या देऊ का?" मी म्हटलं, "नको, असू दे." तर तिनं कपाट लावून टाकलं! मी कोटाचं एकेक बटण सावकाश लावलं, हातमोजे दोनदा काढून घातले, दारात उभी राहून बर्फाचा अंदाजही विचारला. बाईनं पुन्हा म्हणून तोंड उघडलं नाही. आपल्या आईनं पाहुण्याला एकदा विचारून कॉफीची किटली उतरवली असती, तर तिला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

साइमा


दुलुथ, मिनेसोटा
२१ ऑक्टोबर

प्रिय साइमा,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. अगं, फिनिक्सच्या बाईला काय ठाऊक, की आपल्या फिनिश लोकांत पहिलं 'नको' रीत म्हणून असतं, दुसरं 'नको' संकोचाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं कप पुढे करायचा? तिला वाटलं बाईला नको असेल. जगातल्या बाकी लोकांत 'नको' म्हणजे नकोच असतं. तू फोन करून सरळ सांग ना, "बाटल्या हव्या आहेत." नाही करणार, माहीत आहे मला.

आता माझ्या डोळ्यांचं ऐक. तुझ्या डोळ्यांत पाणी साठून दाब वाढतो आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. पापण्यांच्या आत कुणी वाळू भरून ठेवल्यासारखं होतं. उर्होच्या स्मरणाच्या प्रार्थनेत सगळे रडत होते आणि त्याची बायको मी, कोरडी ठणठणीत. त्याच्या बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, की नवरा मेल्याचा मला आनंदच झालाय.

तर इथल्या हॉस्पिटलात एक अभ्यास चाललाय, त्यात मी नाव घातलंय. आणि गंमत म्हणजे, औषध कुठलं माहीत आहे? काचबिंदूचे थेंब! तुझेच! ते कोरड्या डोळ्यांवरही चालतात का, हे त्यांना बघायचंय. अर्ध्या लोकांना औषध देतात आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं. फेब्रुवारीच्या शेवटी पाकीट फोडून सांगणार आहेत.

तुझी
रौहा


२ नोव्हेंबर

रौहा,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळी मला वाटलं माझी नजरच गेली.

काचबिंदूचे थेंब कोरड्या डोळ्यांवर? अगं, माझे डोळे कोरडे पडले ते कशानं? याच थेंबांनी! घातले की दहा मिनिटं चुलीत डोकं घातल्यासारखं झोंबतं, मग दिवसभर डोळे लाल. डॉक्टरला सांगितलं तर म्हणे, "चालायचंच." ज्यानं माझे डोळे वाळले त्यानंच तुझे ओले करणार? उद्या म्हणतील, पाय घसरून पडलेल्याला आणखी थोडं बर्फ द्या.

आणि त्याहून राग कशाचा येतो सांगू? तुला काचबिंदू नाही, तर तुला बाटल्या फुकट, वर पार्किंगचे पैसेही देत असतील. मला आहे, तर मला "अजून नऊ दिवस बाकी आहेत." हे कुठलं शहाणपण? ज्याच्या घराला आग लागली त्याला बादली मोजून द्यायची आणि शेजाऱ्याच्या अंगणात सडा घालायचा!

या वेळी अकरा दिवस थेंबांशिवाय काढले. दुखत काही नाही. दुखत नाही हाच त्या दुखण्याचा हलकटपणा आहे.

हरणांच्या शिकारीला माणसं आली आहेत, रस्त्यावर नुसते नारिंगी कोट. मी मागावर नवा गालिचा चढवलाय, उर्होचे जुने शर्ट फाडून. तूच पाठवले होतेस. निळ्या चौकडीचा पट्टा छान उठलाय.

साइमा


२६ नोव्हेंबर

प्रिय साइमा,

आधी पार्सल उघड, मग वाच. लोकरीच्या पायमोज्यांत हात घाल. उजव्या मोज्यात एक, डाव्यात एक. पांढऱ्या झाकणाच्या आहेत आणि वर नावाऐवजी नुसता आकडा आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. अभ्यासात सगळ्यांना तशाच देतात. आत तुझंच औषध आहे.

कशावरून म्हणशील. अगं, माझे डोळे बरे झालेत! पाच आठवड्यांत! वाळू गेली. परवा टीव्हीवर कुत्र्याचं पिल्लू हरवलं तर मला रडू आलं, खरंखुरं, गालावरून ओघळलं. मी आरशासमोर जाऊन बघत बसले. मिठाच्या पाण्यानं असं होईल का? मला खरं औषध मिळालंय, त्यात तिळमात्र शंका नाही.

मला महिन्याला तीन बाटल्या देतात आणि एक पुरते. हात अजून स्थिर आहे माझा. रिकाम्या बाटल्या परत न्याव्या लागतात, तेव्हा मी सांगितलं की दोन बाटल्या सौनाच्या चुलीत पडल्या. तिथली मुलगी म्हणाली, "सौनात डोळ्यांचे थेंब कशाला नेता?" मी म्हटलं, "आम्ही फिनिश लोक सौनात सगळंच नेतो. आमच्या आईला मी तिथंच झाले." तिनं ते कागदावर लिहून घेतलं बिचारीनं.

हे औषध दुसऱ्या कुणाला देणार नाही असं मी सही करून दिलंय. पण तू दुसरी कुणी नाहीस.

दर महिन्याला दोन पाठवीन. आता नऊ दिवस अकरा दिवस काही नको. एप्रिलला तू ताठ मानेनं जा आणि सगळी अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचून ये.

रौहा


१० डिसेंबर

रौहा,

असलं काही करायची गरज नव्हती. पायमोजे ठीक आहेत.

थेंब घालते आहे. एक गोष्ट लिहून ठेवते: हे झोंबत नाहीत! अजिबात नाही. गार लागतात. डोळे लाल होत नाहीत. म्हणजे बघ, तुम्हा शहरातल्यांना अभ्यासात उत्तम प्रतीचं देतात आणि आम्हाला इकडे जंगलात तळाचा गाळ. हेच मी कर्टिसला जाऊन तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मिसेस कांगस, तुमची बाटली तयार आहे, आज तारीख भरली." मी म्हटलं, "ठेव ती तुमच्या कंपनीच्या साहेबाच्या डोळ्यात घालायला. मी या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही." सगळं दुकान बघत होतं. रांगेत मागे उभ्या लेम्पी साल्मिननं तर टाळी वाजवली.

दोन वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. विम्याच्या तोंडाला लागायचंच नाही आता, कटकट मिटली.

गालिचा संपला. नाताळला पाठवते. स्वयंपाकघरात घाल, दिवाणखान्यात मिरवू नकोस.

साइमा


१४ जानेवारी २०१८

प्रिय साइमा,

गालिचा दिवाणखान्यातच घातला. त्याच्यावर उर्होचा निळा चौकडीचा शर्ट असा पसरलाय की मी अजून पाय ठेवलेला नाही, कडेनं जाते. बाटल्या या पार्सलमध्येही आहेत, कॉफीच्या डब्यात.

दाब कधी तपासणार आहेस?

रौहा


३ फेब्रुवारी

रौहा,

दाब मार्चमध्ये. तारीख पुढे ढकलून घेतली, कारण त्या फिनिक्सवालीचं तोंड बघायची इच्छा नव्हती. औषध चालू आहे ना, मग झालं तर.

इथं वेगळाच तमाशा. बर्फ खिडकीच्या वरपर्यंत आलंय ते राहू दे, पण त्या वेन हाटालानं रस्त्यावरचं बर्फ हटवायचा नांगर चालवताना माझी टपालपेटी पाडली! खांबासकट आडवी. मी गावाहून येऊन गाडी आत घेतली, सामान उतरवलं, मागे वळून बघते तर पेटी बर्फात. रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असलेली पेटी, सहासष्ट सालापासून कुणाच्या वाटेत आली नाही, ती याच्याच वाटेत येते.

मी त्याला फोन करून विचारलं. म्हणतो, "साइमा, मी आज तुमच्या रस्त्यावर आलोच नाही अजून." डोळ्यांदेखत खोटं! त्याच्या आजोबांनी खाणीत माझ्या वडिलांबरोबर काम केलं, त्या घराण्यातला माणूस. मी म्हटलं, "वेन, पेटी काही आपणहून झोपायला गेली नाही." त्यानं दुपारी येऊन मुकाट्यानं नवा खांब ठोकून दिला. मनात चोर नसता तर कशाला ठोकला असता?

आणि दुकानाच्या आवारातही परवा कुणीतरी गाडी माझ्या इतकी जवळ लावून ठेवली होती की डावा आरसा घासला. माणसांना हल्ली गाडी कुठे लावावी हेच कळत नाही.

साइमा


२७ फेब्रुवारी

साइमा,

तू फोन उचलला नाहीस. सकाळपासून सात वेळा केला. शेवटी वेन हाटालाला फोन करून तुझ्याकडे पाठवलं, त्यानं निरोप दिलाच असेल. तरी मला माझ्या हातानं लिहायला हवं.

काल पाकीट फोडलं. मी पाण्याच्या गटात होते.

मी म्हटलं, चूक असेल. पुन्हा बघा. डॉक्टरनं आकडा पुन्हा ताडून दाखवला. मी म्हटलं, अहो पण माझे डोळे बरे झाले! तो हसून म्हणाला, "मिठाच्या पाण्यानंही ओलावा मिळतो ना. शिवाय औषध मिळतंय या विश्वासानंही माणसाला बरं वाटतं." हसत होता गं! मला भोवळ आली. नर्सनं पाणी आणून दिलं, आणि पाणी बघून मी ओरडले.

मी सगळं सांगून टाकलं, चुलीत पडलेल्या बाटल्यांचंही. त्याचं हसू गेलं. त्यानं विचारलं, "बहिणीच्या मूळच्या बाटल्या चालू होत्या ना?" मी म्हटलं, नाही. त्यानं पेन खाली ठेवलं.

आजच्या आज डॉक्टरकडे जा. वेन नेईल, मी त्याला विचारलंय. जांभळ्या झाकणाची बाटली आण, कर्टिसच्या पाया पड, काय वाटेल ते कर. साइमा, मला वाटलं होतं की मी तुझे डोळे वाचवते आहे.

रौहा


१९ मार्च

रौहा,

मिठाचं पाणी.

अकरा आठवडे, सकाळ-संध्याकाळ, कापत्या हातानं, खुर्चीत मान मागे टाकून, मी डोळ्यांत मिठाचं पाणी घातलं. हेरिंग मासा मुरवतात तसे डोळे मुरवले. आणि वर तुझ्या नावानं देवाचे आभार मानले.

तूच पत्रात लिहिलं होतंस ना, अर्ध्यांना पाणी देतात म्हणून? तुला ठाऊक होतं. पण तुझं आपलं लहानपणापासूनचं: वाटलं म्हणजे झालं. तळ्यावरचं बर्फ पक्कं असेल असं तुला वाटलं आणि माझी घसरगाडी बुडाली. मांजरीला पोहता येतं असं तुला वाटलं. तुझे डोळे पिल्लू बघून ओले झाले, आणि तेवढ्या पुराव्यावर तू माझे डोळे लावलेस पणाला!

डावीकडचं गेलं. डॉक्टरनं नजरेचा घेर तपासायच्या गोल भांड्यात डोकं घालायला लावून दिवे दाखवले. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले की डावीकडे दिवे कधी लावणार आहेत. त्यांनी लावले होते.

गेलेलं परत येत नाही. नाही म्हणजे नाही.

लिहू नकोस.

साइमा कांगस


२९ मार्च

साइमा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. तू आडनावासकट सही केलीस ती मी चार वेळा पाहिली.

माझी बाजू मांडत नाही, कारण बाजूच नाही. एकच विचारते. माझा परवाना आहे, गाडी आहे, नजर आहे. या घराचा करार जूनमध्ये संपतो. मी तिकडे येऊ का? तुला जिथं जायचं तिथं नेईन. बोलणार नाही वाटेत, हवं तर.

येऊ का?

रौहा


१६ एप्रिल

रौहा,

नको.

माझ्या गाडीत तू आणि तुझी ती भजनांची कॅसेट, त्यापेक्षा मी पायी जाईन. शिवाय सौनात दोन बायका मावत नाहीत.

बारा तारखेला परवान्याच्या कचेरीत गेले. वेन माझ्याच गाडीतून घेऊन गेला. यंत्रात डोकं घातलं. समोरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली, धडाधड, तुला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. खिडकीमागची मुलगी म्हणाली, "वा, छान! आता डावीकडे दिवा लुकलुकेल, तो दिसला की सांगा." मी म्हटलं, "दिसला." ती म्हणाली, "मॅडम, अजून लावलेला नाही."

खोटं बोलले मी. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला, सरकारी कचेरीत, मी, जिनं कर्टिसला आज्ञा शिकवल्या.

परवाना तिनं कोपरा कापून परत दिला. ओळखपत्र म्हणून चालेल म्हणाली. किल्ल्या वेनकडेच राहू दिल्या. परतीच्या वाटेवर घराशी वळताना मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि उतरून टपालपेटीशी उभी राहिले. मग गाडीचं डावं पुढचं टोक बघितलं. पेटीचा हिरवा रंग तिथं अजून होता. फेब्रुवारीपासून होता. मी तो पुसलासुद्धा नव्हता, कारण मला दिसलाच नव्हता.

वेननं तो पहिल्याच दिवशी बघितला होता. बघून नवा खांब ठोकला, आणि मी त्याला खोटारडा म्हटलं ते ऐकून घेतलं. तेरा तारखेला मी त्याला वेलदोड्याचा पाव भाजून दिला, दोन लाद्या. 'माफ कर' असं काही मी म्हटलं नाही आणि त्यानंही ते ऐकायचा हट्ट धरला नाही.

साइमा


२५ एप्रिल

प्रिय साइमा,

तू पत्र लिहिलंस, मला पुरे.

पण आता माझंही डोकं फिरलंय. त्या अभ्यासाच्या डॉक्टरनं मला बोलावून तासभर झापलं. सही मोडली, आकडे बिघडवले, एका माणसाचे डोळे घालवले. सगळं कबूल. पण मग मी म्हटलं, "डॉक्टर, मी चूक केली, मी मूर्ख आहे. पण मला हे सांगा, माझ्या बहिणीला सही मोडून टपालानं औषध पाठवायची वेळ का यावी? ती काही अफू मागत नव्हती. तिच्याकडे चिठ्ठी होती, विमा होता, दुकान होतं, दुकानात बाटली होती! सगळं होतं, आणि मध्ये एक यंत्र बसलं होतं ज्याला हात कापतो म्हणजे काय ते ठाऊक नाही!" तो म्हणाला, "त्याविरुद्ध अर्ज करता येतो." अर्ज करता येतो! इतक्या वर्षांत हे एकानंही सांगितलं नाही, कर्टिसनं नाही, कंपनीनं नाही. अर्जाचा कागद सोबत पाठवतेय. त्यांना सोडू नकोस.

आणि पुन्हा विचारते. येऊ का? भजनांची कॅसेट इथंच ठेवीन. सौनात आधी तू जा, मी नंतर जाईन, निवलेल्या वाफेत.

रौहा


२० मे

रौहा,

नको म्हटलं ना एकदा. तुझ्या त्या दुलुथमध्येच रहा सुखानं.

अर्ज केला. सुनावणी फोनवर झाली, मंगळवारी. पलीकडे एक साहेब होता, आवाजावरून चाळिशीचा, सभ्य. त्यानं कागद वाचून दाखवला: एका बाटलीत इतके थेंब, महिन्याला इतके लागतात, तेव्हा बाटली पुरायला हवी. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या टेबलावर पाणी आहे?"

"आहे."

"आणि कॉफी ढवळायची ती बारीक नळी?"

"आहे बहुतेक. का?"

"मावेल तितकं पाणी नळीत घ्या, डावा हात वापरा, मान मागे टाका, आणि एक थेंब डोळ्यात टाका. एकच."

मग खुर्ची करकरली. मी विचारलं, "कुठं पडला?"

तो म्हणाला, "कॉलरवर."

"पुन्हा टाका."

"…कानाजवळ."

"तुमचं वय काय?"

"त्रेचाळीस."

"मग लिहा," मी म्हटलं. "माझ्या अर्जावर लिहा, कानाजवळ." आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात कुणा साहेबावर ओरडले नव्हते. म्हटलं, तुमच्या नऊ दिवसांत माझं डावीकडचं जग गेलं. माझी गाडी गेली. एका भल्या माणसाला मी खोटारडा म्हटलं. माझ्या बहिणीला मी जे लिहिलं ते मला परत घेता येत नाही. आणि तुमच्या हिशेबात अजून माझी बाटली भरलेली आहे! त्यानं फोन ठेवला नाही, ऐकत राहिला.

शुक्रवारी कागद आला. बाटली संपेल तेव्हा मिळेल, तारीख बघणार नाहीत. उजवीकडचं आता बहुतेक टिकेल. हेच पत्र दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर डावीकडचंही टिकलं असतं.

दोन वर्षं म्हणाले, कारण एक गोष्ट मी मार्चमध्ये तुझ्यापासून दडवली. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं की एवढी हानी अकरा आठवड्यांत होत नाही. महिन्याचे नऊ-नऊ, अकरा-अकरा दिवस, दोन वर्षं, ते सगळं साठत गेलं होतं. तुझ्या मिठाच्या पाण्यानं शेवटचा धक्का दिला, पण भिंत आधीच पोखरलेली होती. मला ठाऊक होतं, तरी मी सगळं तुझ्या डोक्यावर घातलं, कारण कंपनीला तोंड नव्हतं आणि तुला होतं. ते वाईट केलं मी.

फिनिक्सच्या नर्सला परवा भेटले. म्हणाली, "नमुन्याच्या बाटल्या हव्यात?" मी म्हटलं, "हो." पहिल्याच वेळी. जिवावर आलं, पण म्हटलं. तिनं चार दिल्या. बाई वाईट नाही, तिला कुणी शिकवलेलं नाही इतकंच.

टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून माणूस येऊन गेला. खोली रिकामी होतेय, एक जूनपर्यंत कळवा म्हणाला. खिडकी पार्किंगकडे आहे. मी अजून काही कळवलेलं नाही.

सौनाचा वरचा बाक वेनकडून रुंद करून घेतलाय. लाकूड पडूनच होतं, म्हणून.

आणि रौहा, एक सांगते, नीट वाच. तू मार्चमध्ये विचारलंस, मी नको म्हटलं. एप्रिलमध्ये विचारलंस, त्याला महिना होत आला, आणि वर पुन्हा नको लिहिलंय. मी इथं स्वयंपाकघरात बसून टपालगाडीची वाट बघते आहे, आणि मला रागही येतोय की तू आपल्याच आईची मुलगी असून दोनदाच विचारून थांबलीस. त्या फिनिक्सवालीपेक्षा फक्त एकदा जास्त.

साइमा